'म्युनिसिपल' आणि 'म्युनिसिपॅलिटी': जोर का सरकतो?

घणसोलीकर_टीचर: आठवीच्या मुलांना लांब इंग्रजी शब्द तोडून वाचायला शिकवतेय. पालिकेच्या पाटीवरचं 'म्युनिसिपल' जमतं, 'म्युनिसिपॅलिटी' आलं की जोर भलतीकडेच जातो. शिवाय डिक्शनरीतल्या शब्दातले ठिपके आणि उच्चारातले तुकडे जुळत नाहीत. काय धरू?

नौपाडा_शब्दवेडा: ताई, ठिपके सोडा. ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा, त्यासाठी ते. तिरप्या रेघांमधला उच्चार बघा. त्यात वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते, तिच्या पुढचा तुकडा जोराचा. मुलं मागचा धरतात. (काही अमेरिकी कोशांत मात्र ती खूण तुकड्यानंतर येते. सुरुवातीची पानं वाचून घ्या.)

देवनागरीत लिहून अक्षरं मोजू देऊ नका. 'कॉर्पोरेशन'ची अक्षरं पाच, सिलॅबल (उच्चारातले तुकडे) चारच: कॉर्-प-रे-शन. ऐकू येणारे स्वर मोजायचे, शेवटचा मुका ई नाही.

मग शेपूट बघा. 'शन', 'इटी', 'इक' यांच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर जोर. म्हणून म्यु-नि-सि-पल ('नि'वर जोर), पण म्यु-नि-सि-पॅ-लि-टी ('पॅ'वर). तसंच इ-लेक्-ट्रिक, इ-लेक्-ट्रि-सि-टी. 'मेंट', 'नेस', 'फुल' लागले तर जोर हलत नाही: डि-व्हे-लप, डि-व्हे-लप-मेंट, दोन्हीत 'व्हे'वरच. घोडबंदर रोडला होर्डिंगागणिक 'डेव्हलपर्स' आहेत, आणि आपण सगळे 'डे'वरच आपटतो! 'इंजिनीअर'मध्ये मात्र शेपूटच जोर खातं.

वाशी_उच्चार: 'इक'चा नियम डोळे मिटून लावू नका. 'पॉलिटिक्स'मध्ये जोर पहिल्यावर, 'पोलिटिकल'मध्ये दुसऱ्यावर. अंकगणिताचं 'अरिथमेटिक'ही फटकून: अ-रिथ-म-टिक, जोर 'रिथ'वर.

खरी गोची वेगळीच आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत बिनजोराचा स्वर बहुतेकदा विरून 'अ'सारखा होतो. फो-ट-ग्राफ, पण फ-टॉ-ग्र-फी. मुलं सगळे स्वर ठणठणीत म्हणत राहिली, तर जोर योग्य जागी देऊनही ऐकू येत नाही. जोर म्हणजे ओरडणं नव्हे, त्या तुकड्याला लांबवणं. हातात रबरबँड द्या: जोराच्या तुकड्याला ताणायचा, बाकीच्यांना सैल.

घणसोलीकर_टीचर: रबरबँड उद्याच आणते. 'कम्फर्टेबल' तीन की चार?

वाशी_उच्चार: बोलताना बहुधा तीनच: कम्फ-ट-बल. 'टेबल' त्यात नाही, हे आधी सांगून टाका.