अनुभव धागा : परमुलखातील गुराखी मित्र

आपल्यापैकी अनेकांनी नोकरीच्या किंवा व्यवसायाच्या निमित्ताने आफ्रिकेतील खेड्यांत वर्षे काढली आहेत. तेथील कामाविषयी आणि बाजारहाटाविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु रोज दारावरून शेळ्या-मेंढ्या नेणारा, खोड्या काढून हैराण करणारा आणि पुढे जिवलग झालेला गुराखी पोर मात्र लिखाणातून निसटून जातो. अशी आठवण ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती सविस्तर लिहावी, ही विनंती. मुलांची नावे कृपया लिहू नयेत. सुरुवात मी करते.

लेसोथो, मोखोट्लोंग जिल्हा

२००५ ते २००८ या काळात मी एका डोंगराळ गावातील माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या या देशाचा सर्वांत सखल भागही समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच आहे, आणि आमचे गाव त्याहून पुष्कळ वर होते. जूनमध्ये बादलीतले पाणी रात्रीत गोठत असे. तेथे गुरे राखणाऱ्या मुलाला ‘मोलिसाना’ म्हणतात. आमच्या आळीवरून जाणारा मोलिसाना बारा-तेरा वर्षांचा असावा. अंगावर जाड लोकरी ब्लँकेट, पायांत गमबूट, हातात काठी, आणि पुढे दुसऱ्याच्या मालकीच्या मेंढ्या व अंगोरा शेळ्या.

पहिल्या आठवड्यात मला ‘लुमेला’ हा नमस्काराचा एकच शब्द येत होता. कोणी ‘उ फेला जोआंग?’, म्हणजे ‘कशा आहात?’, असे विचारले तर काय उत्तर द्यावे, हे मी खाणाखुणांनी त्यालाच विचारले. ‘के लापीले,’ त्याने गंभीर चेहऱ्याने शिकवले. दोन दिवस मी भेटेल त्याला तेच उत्तर देत राहिले, आणि दोन्ही संध्याकाळी शेजारच्या आजीबाई मक्याच्या पिठाची घट्ट ‘पापा’ आणि ‘मोरोहो’ ही पालेभाजी झाकून घेऊन दाराशी आल्या. तिसऱ्या दिवशी एका सहशिक्षिकेने अर्थ सांगितला : ‘मला भूक लागली आहे.’ तिलाच बरोबर घेऊन मी त्याला गाठले, तेव्हा मी काही बोलण्याआधी त्याने विचारले, ‘म्मे, जेवण आले का?’ नवी आलेली बाई एकटी राहते आणि तिच्या घरातून संध्याकाळी धूर निघत नाही, हे त्याने वरच्या उतारावरून पाहिले होते. खोडी होती हे खरे, पण ती निव्वळ खोडी होती असे मला आजही वाटत नाही.

पुढे आमची मैत्री जमली ती ‘मोराबाराबा’मुळे. सपाट दगडावर कोरलेला हा पट म्हणजे आपल्या नवकंकरीचा सख्खा भाऊ. फक्त कोपरे जोडणाऱ्या तिरप्या रेघा आणि नवाऐवजी बारा-बारा खडे. त्या खड्यांना ‘गाई’ म्हणतात, आणि तीन गाई एका रेषेत आल्या की समोरच्याची एक गाय मारता येते. माझी आजी देवळाच्या ओट्यावर नवकंकरी खेळत असे, त्यामुळे मी तिसऱ्याच डावात त्याला हरवले. तेव्हापासून माझी एखादी गाय त्याच्या ब्लँकेटच्या घडीत नाहीशी होऊ लागली. एकदा मी हसत हसत त्याला ‘गायचोर’ म्हटले. तो उठला, काठी उचलली आणि चार दिवस फिरकलाच नाही. सहशिक्षिकेने समजावले, की या डोंगरांत जनावरांची चोरी हे मोठे संकट आहे, त्यापायी माणसे जिवाला मुकतात, आणि ज्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा मोबदलाच मेंढ्यांच्या रूपाने ठरलेला असतो त्या मुलाला हा शब्द थट्टेतही लावायचा नसतो. मी उतार चढून गेले आणि त्याची क्षमा मागितली. त्याने घडीतून खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

प्राथमिक शिक्षण तेथे २००० पासून टप्प्याटप्प्याने मोफत झाले होते, परंतु मेंढ्यांमागे असलेल्या मुलाला दिवसाची शाळा कशी मिळणार? म्हणून संध्याकाळी कंदिलाशेजारी मी त्याला अक्षरे शिकवली. उन्हाळा आला की तो कळप घेऊन ‘मोतेबो’वर, म्हणजे उंचावरच्या दगडी झोपडीकडे, काही महिन्यांसाठी निघून जाई. मी परत निघाले तेव्हाही तो वरच होता. पटाच्या दगडावर कोळशाने लिहिलेले स्वतःचे नाव तेवढे त्याने मागे ठेवले होते. त्यातले एक अक्षर उलटे होते.

बोत्स्वाना

धागा वाचून मीही लिहिते. माझा अनुभव छोटा आहे. आमच्या अंगणाचे फाटक रोज सकाळी उघडे सापडे आणि कोथिंबिरीचा वाफा शेळ्यांनी फस्त केलेला असे. महिनाभर मी त्या मुलावर ओरडत होते. नंतर कळले की मी ओरडते ते मराठी शब्द त्याला फार आवडत, आणि माझ्याच सुरात तो ते शेळ्यांवर वापरत असे. एके दिवशी भर वाटेवर ‘हाड, हाड, निघा इथून!’ असे शुद्ध मराठी ऐकून मी थबकले. घर सोडून आठ महिने झाले होते. त्या दिवसापासून फाटक मीच उघडे ठेवू लागले.

इथिओपिया, गोंदर परिसर

मी तेथे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तेथेही जोरदार पाऊस असतो, आणि त्याच दिवसांत गुराखी मुले ‘जिराफ’ नावाच्या पिळाच्या लांब चाबकाचा कडकडाट काढण्याचा सराव करतात. आमच्या वाटेवरचा दहा वर्षांचा पठ्ठ्या नेमका माझ्या पाठीमागे येऊन चाबूक फोडत असे. एके दिवशी मी थांबून त्याला जमिनीवर आकृती काढून दाखवली, की चाबकाचे टोक ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाते म्हणून हा आवाज होतो. त्याने ते लक्षपूर्वक पाहिले आणि चाबूक माझ्या हाती दिला. माझ्याच्याने आवाज निघेना. मग मनगट केव्हा आणि कसे मागे खेचायचे, हे त्याने आठवडाभर मला न कंटाळता शिकवले.

१९ ऑगस्टला ‘बुहे’चा सण आला. त्या दिवशी मुले काठ्या आपटत, ‘होया होये’ गात घरोघर फिरतात आणि त्यांना ‘मुलमुल’ नावाचे छोटे गोल पाव मिळतात. घरधन्यावर तिथल्या तिथे कडवे रचण्याची रीत आहे. त्याने रचलेल्या कडव्यात भारतीय शिक्षकाला आकाशातली वीज समजते पण पाव भाजता येत नाही, असे काहीसे होते. मी चपात्या केल्या होत्या. सगळ्या मुलांनी त्या वाटून खाल्ल्या.

केनिया, काजियाडो

मी धनगराच्या घरातला. वडिलांनी आयुष्यभर मेंढरे राखली. मी अभियंता होऊन रस्त्याच्या कामावर येथे आलो. मोजणीसाठी ठोकलेल्या, लाल फीत बांधलेल्या खुंट्या दुसऱ्या दिवशी गायब होत. शोध घेता एका बाभळीखाली त्या सापडल्या : वासरे राखणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मासाई मुलाने त्यांचे गोल कुंपण करून आत दगडांची गुरे कोंडली होती. मला पाहून तो पळाला नाही. मान झुकवून उभा राहिला. वडीलधाऱ्याने अशा वेळी मुलाच्या डोक्याला हात लावायचा असतो, हे मला माहीत होते. हात लावल्यावर रागवायचे कसे? मी बाभळीच्या काटक्या आणून दिल्या आणि आम्ही दोघांनी मिळून कुंपण बदलले. रात्री मेंढरांभोवती वडील वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावीत तेव्हा मी खुंट्या धरत असे, ती गोष्ट मी त्याला स्वाहिलीत सांगितली. खुंट्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. उलट, जनावरांच्या धक्क्याने पडलेली खुंटी तो स्वतः उभी करून ठेवी, अर्थात हातभर बाजूला.

वडिलांना फोनवर हे सांगितले, तर त्यांनी विचारले, ‘वासरं किती हायती त्याच्याकडं?’ मी मुलाला विचारले. त्याने आकडा सांगितला नाही. कपाळावर पांढरा ठिपका असलेले, वाकड्या शेपटीचे, कानाला आमच्या घरची खाच असलेले तांबडे, असे एकेकाचे वर्णन सुरू केले. ते मी जसेच्या तसे वडिलांना सांगितले.

‘मग बराबर हाय,’ वडील म्हणाले. ‘तोंडं वळखीची असल्यावर मोजायचं कशाला?’