मर्झबान सगळे इराणीच?

मर्झबान, म्हणजे इस्लामपूर्व इराणमधल्या सासानी साम्राज्याच्या सरहद्दीवरचे सुभेदार, कायम इराणीच असत असं म्हटलं जातं. आर्मेनियात तरी तसं नव्हतं. ४२८ साली तिथलं अर्शाकी राजघराणं संपवून सासान्यांनी मर्झबान नेमायला सुरुवात केली. ४५१च्या अवारायर लढाईच्या (आर्मेनियन बंडखोर विरुद्ध सासानी) वेळचा मर्झबान वासाक स्यूनी आर्मेनियनच होता, आणि तो शाहच्या, म्हणजे सासानी सम्राटाच्या, बाजूने गेला! पुढची गोष्ट तर अजबच. ४८४ मध्ये शाह पेरोज हूणांशी लढताना मारला गेला. दरबार इतका खिळखिळा झाला की आर्मेनियातला बंडखोर सरदार वाहान मामिकोन्यान याच्याशी तह करावा लागला, आणि वर्षभरात त्यालाच मर्झबान केलं. निष्ठेचं म्हणाल तर ६५१ मध्ये शेवटच्या शाहला दगा देणारा माहुई हाही मर्व शहराचा मर्झबानच.