पोलीस खात्यात जायचे असेल, तर भरतीपूर्वी पोलीस ठाण्यातील कामाचा अनुभव घ्यावा का?

रामबागकर:
इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर या भागांतील मराठी घरांतून पूर्वी मुले बँक, शिक्षण खाते किंवा फार तर वकिली यांकडे वळत असत. आता पहाटे नेहरू स्टेडियमकडे धावायला जाणाऱ्या मुलामुलींमध्ये आपली आडनावे ऐकू येतात आणि कोणाला आरक्षक (पोलीस शिपाई), तर कोणाला उपनिरीक्षक व्हायचे असते. आनंद आहे. परंतु यांतील बहुतेकांनी पोलीस ठाण्याची पायरीही कधी चढलेली नसते, आणि ज्या नोकरीत तीस-पस्तीस वर्षे काढायची, तिचे त्यांच्या मनातील चित्र वर्दी आणि सायरन यांपलीकडे फारसे जात नाही.

माझे मत असे की, भरतीच्या तयारीसोबतच या कामाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा. त्यासाठी वाटा उपलब्ध आहेत. केंद्र शासनाच्या ‘माय भारत’ पोर्टलवरून 2023 पासून ‘स्टुडंट पोलीस एक्सपिरिएन्शियल लर्निंग’ हा कार्यक्रम चालतो. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्याला 30 दिवसांत 120 तास पोलिसांसोबत राहून काम पाहता येते. शिवाय नव्या शिक्षण धोरणानुसार आपल्या राज्यातील पदवी अभ्यासक्रमात प्रकल्प, प्रशिक्षुता किंवा सामुदायिक कार्य यांपैकी काहीतरी करावेच लागते. ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून आणण्याऐवजी ते तास ठाण्यात का घालवू नयेत? रोजनामचा (ठाण्याची रोजची नोंदवही) कसा लिहितात, मर्ग (अनैसर्गिक मृत्यूची नोंद) कायम होतो म्हणजे काय होते, समन्सच्या तामिलीसाठी (बजावणीसाठी) एक आरक्षक दिवसभर किती दारे फिरतो, हे पाहिल्यावर ज्याला पुढे जायचे आहे तो डोळे उघडे ठेवून जाईल आणि ज्याला हे मानवणार नाही तो वेळीच दुसरी वाट धरेल.

मैदानावरचा:
रामबागकर काका, आपला हेतू चांगला आहे, परंतु निवड कशावर होते हे आपण विसरत आहात. मी मुलांना शारीरिक चाचणीसाठी तयार करतो. मध्य प्रदेशात आरक्षक पदाच्या पुरुष उमेदवाराला 800 मीटर अंतर 2 मिनिटे 45 सेकंदांत धावावे लागते, 13 फूट लांब उडी मारावी लागते आणि 7.26 किलोचा गोळा 19 फूट फेकावा लागतो. मुलींसाठी हेच अनुक्रमे 4 मिनिटे, 10 फूट आणि 4 किलोचा गोळा 15 फूट असे आहे. ठाण्यात 120 तास बसल्याने यांतील एक सेकंदही कमी होत नाही, आणि त्या प्रमाणपत्राचा निवड यादीत एकही गुण मिळत नाही.

ज्या अनुभवाचा उपयोग होतो, तो अवश्य घ्यावा. केंद्रीय सशस्त्र दलांच्या आरक्षक भरतीत एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रासाठी 5 टक्के, ‘बी’साठी 3 टक्के आणि ‘ए’साठी 2 टक्के अधिक गुण मिळतात. होमगार्ड सैनिकांसाठी आपल्या राज्याच्या आरक्षक भरतीत जागा राखीव असतात. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी सांगतो की, महाविद्यालयात पाऊल ठेवताच एनसीसीत नाव घाल आणि बाकीचा वेळ मैदानाला दे. उपनिरीक्षकांची भरती 2017 नंतर वर्षानुवर्षे निघाली नाही, तेव्हा कितीतरी जणांचे वय केवळ वाट पाहण्यात सरले. संधी येईल तेव्हा तयार असणे, एवढेच उमेदवाराच्या हाती असते.

सुदामानगरची मावशी:
मध्येच विचारते, क्षमस्व. माझा बहीणलेक एका मॉलमध्ये सुरक्षा रक्षक म्हणून लागण्याचे म्हणतो आहे आणि त्याला पुढे पोलिसांतच जायचे आहे. तो अनुभव कामी येईल का?

मैदानावरचा:
मावशी, गुण मिळणार नाहीत, पगार मिळेल. खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखालील आदर्श नियमांनुसार नव्या रक्षकाला 100 तास वर्गात व 60 तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण द्यावे लागते. ते खरोखर देतात की केवळ कागदावर दाखवतात, हे रुजू होण्यापूर्वी विचारावे. रात्रपाळी मात्र घेऊ नये, कारण रात्रभर जागलेल्या मुलाकडून पहाटे धावणे होत नाही.

निवृत्त प्रधान आरक्षक:
मी आयुष्यभर याच खात्यात होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंबद्दल थोडे लिहितो. ठाण्यात आलेला विद्यार्थी दोन तऱ्हांनी वाया जातो. एक तर त्याला कोपऱ्यातील खुर्चीवर बसवून विसरून जातात, कारण मुंशीला (ठाण्यातील लेखनिकाला) श्वास घ्यायला फुरसत नसते. नाहीतर, आणि हे अधिक वाईट, तो टीआय साहेबांचा, म्हणजे ठाणेप्रमुखांचा, माणूस होतो. मोहल्ल्यात ‘माझी ठाण्यात ओळख आहे’ असे सांगत फिरू लागतो आणि लोक त्याच्या हातून चालान माफ करवून घ्यायला येतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला ही हवा फार लवकर लागते. पुढे भरती झाला तरी ती सवय सुटत नाही, हे मी पाहिलेले आहे.

बंदोबस्तातील स्वयंसेवक म्हणून काम करण्यास मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) जेल रोडवरून राजवाड्याकडे सरकू लागतात, तेव्हा दोरी धरून उभे राहणे म्हणजे काय ते एकदा करून पाहावे. गर्दी मागून रेटते, पुढच्या रांगेतील बाई कडेवरच्या मुलाला झांकी दिसावी म्हणून दोरीखालून वाकून आत येऊ पाहते, आणि आपल्याला आवाज न चढवता तिला मागे घ्यायचे असते. दुसऱ्या हाताला चुकलेले एक मूल धरलेले असते, ज्याला वडिलांचे नाव ‘पप्पा’ एवढेच ठाऊक असते. अशा रात्री मुलाचा स्वभाव कळतो. हात उगारणारा कोण आणि बोलून मार्ग काढणारा कोण, हे पहाटेपर्यंत उघड होते. मैदानावरच्या भाऊंना एवढेच विचारतो की, हे कोणत्या चाचणीत मोजतात?

काळा कोट:
मी वकील असल्यामुळे माझा आक्षेप निराळा आहे. ठाण्यात येणारी व्यक्ती आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट गोष्ट सांगायला आलेली असते, आणि ती एखाद्या प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यासमोर सांगण्यास तिने संमती दिलेली नसते. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत बाल न्याय कायद्याचे कलम 74 तसाच मज्जाव करते. आता ‘आज ठाण्यात काय पाहिले’ म्हणून मोबाइलवर छायाचित्र टाकणाऱ्या मुलाची कल्पना करा. मागच्या फळ्यावर काय लिहिले आहे, हे तो पाहणारही नाही.

ज्याला खरोखर शिकायचे आहे, त्याने जिल्हा न्यायालयात जाऊन बसावे. फौजदारी खटले सामान्यतः खुल्या न्यायालयात चालतात आणि त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी सुरू असते, पंचनाम्यावरील वेळ आणि रोजनामच्यातील वेळ जुळत नाही, आणि तो अधिकारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून घाम पुसत असतो. अशी एक दुपार भावी उपनिरीक्षकाला लिहिण्याची शिस्त कायमची शिकवून जाईल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक झाले आहे, त्यामुळे हे प्रश्न यापुढे अधिकच बारकाईने विचारले जातील. याखेरीज विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक योजना 2009 पासून आहे. त्यात प्रशिक्षण घेऊन तक्रारदारासोबत ठाण्यात जाता येते, म्हणजे टेबलाच्या या बाजूने ठाणे पाहता येते.

तिसरे वर्ष:
मी असे तास प्रत्यक्ष पूर्ण केले आहेत. ठाण्याचे नाव सांगत नाही. सुरुवातीचे बरेच दिवस जुने तक्रार अर्ज तारखेनुसार लावण्यात गेले, आणि हे कशासाठी करायचे, ते कोणीही समजावले नाही. त्या बाबतीत प्रधान आरक्षक काकांचे म्हणणे खरे आहे. नंतर मला महिलांच्या ‘ऊर्जा’ डेस्कवर बसवले, आणि तेथील महिला प्रधान आरक्षक प्रत्येक प्रकरणात माझ्याकडे बघून ‘तू बाहेर थांब’ किंवा ‘बस’ असे ठरवीत, तक्रारदार बाईला आधी विचारूनच. वकील साहेबांचा मुद्दा योग्य आहे, परंतु त्यावर उपाय नाही असे नाही.

त्यांची एक पद्धत मला विशेष वाटली. येणाऱ्या बाईला त्या प्रथम पाणी देत आणि सगळे बोलणे संपेपर्यंत कागदाला हात लावत नसत. त्यानंतर तारीख, वेळ, ठिकाण या क्रमाने पुन्हा विचारून लिहीत. रागाच्या भरात सांगितलेल्या हकिकतीत मंगळवार आणि गुरुवार यांची अदलाबदल झालेली असते, ती त्या दुसऱ्या फेरीत निघते. हे कोणत्याही गाइडमध्ये नाही. मी अजूनही उपनिरीक्षक पदासाठी अर्ज करणार आहे, आणि सकाळी धावतेही आहे.

रामबागकर:
ताई, आपण लिहिलेत ते माझ्या मूळ मुद्द्यापेक्षा नेमके आहे. वकील साहेबांना मात्र विचारतो की, न्यायालयात बसणारा विद्यार्थी निकालाचे टोक पाहतो, सुरुवातीचे कसे पाहणार? आणि मैदानावरच्या भाऊंसाठी हिशेब साधा आहे: 30 दिवसांत 120 तास म्हणजे दिवसाला चार तास. पहाटेचे मैदान तसेच राहते.

मैदानावरचा:
आपला हिशेब महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचा आहे. आरक्षक पदाला दहावी उत्तीर्ण पुरते, आणि माझ्याकडची निम्मी मुले दहावी-बारावीनंतर थेट कामाला लागलेली आहेत. त्यांना आपल्या त्या कार्यक्रमात प्रवेशच नाही. आणि प्रवेश दिला, तरी पहाटे धावून नऊ वाजता सियागंजमधील दुकानात माल उचलायला जाणाऱ्या मुलाचे ते चार तास बिनपगारी असतील. झांकीच्या रात्रीची दोरी तो धरू शकतो, कारण त्या रात्री दुकान लवकर बंद होते. त्यामुळे प्रधान आरक्षक काकांची सूचना मी माझ्या मुलांपुढे ठेवीन. आपली ठेवणार नाही.