विषय: गणपतीतलं संकलन, यंदा फॉस्टर केअरमध्ये येणाऱ्या मुलांसाठी

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार मंडळी,

बैठकीत ठरल्याप्रमाणे यंदा गणपतीत दानपेटीच्या जोडीला वस्तूही गोळा करायच्या आहेत. आपल्या काउंटीत ‘रेनबो रूम’ नावाची एक खोली चालते. टेक्सासमध्ये अशा बऱ्याच आहेत. मुलाला घरातून हलवून तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवावं लागलं (यालाच फॉस्टर केअर म्हणतात) की सरकारी बालसंरक्षण खात्याची केसवर्कर तिथे येते, रात्री-अपरात्रीसुद्धा, आणि कपडे, डायपर, बाळाचं दूध, कार सीट, जे लागेल ते घेऊन जाते. खोली भरलेली राहते ती लोकांच्या देणग्यांवर. हॉलच्या दारापाशी, आपण चपला काढतो त्याच्या डाव्या हाताला, तीन खोकी ठेवू. सूचना असतील तर याच मेलला उत्तर द्या, वेगळा धागा काढू नका.

कळावे.


प्रेषक: नाना

सचिवसाहेब, बेत झकास.

आमच्या गराजमध्ये पोरांचे लहानपणचे कपडे चार खोकी भरून पडलेत. थोरला डॉक्टर झाला, स्वेटर अजून सातवीतलेच. एकदाचे मार्गी लागतील आणि हिची कटकटही थांबेल.

दोन गोष्टी सुचतात. या अनाथ मुलांपैकी चार-पाच जणांना आरतीला बोलावून स्टेजवरच वस्तू दिल्या तर? फोटो छान येईल, पुढच्या वर्षी वर्गणीला उपयोग. दुसरं असं, की एवढ्या श्रीमंत देशात सरकार असताना आपण का? तेवढेच डॉलर गावाकडे पाठवले तर कितीतरी मुलांचं भलं होईल. चूकभूल द्यावी घ्यावी.

नाना


प्रेषक: मराठी शाळा, शनिवारचा वर्ग

नानाकाका, रागावू नका, पण तुमच्या मेलमधल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यावर मला बोलायचंय. आम्ही दोघं फॉस्टर पालक आहोत. लिस्टवर फार जणांना ठाऊक नाही, कारण आम्ही सांगत फिरत नाही.

आधी ‘अनाथ’ हा शब्द काढून टाकूया. यातल्या बहुतेक मुलांचे आईवडील हयात असतात. मारहाणीपेक्षा हेळसांड झाली म्हणून हलवलेली मुलं जास्त. त्यामागे कुठे व्यसन असतं, कुठे आजार, कुठे नुसतीच तंगी. टेक्सासमध्ये मुलाला काढलं की चौदा दिवसांच्या आत कोर्टात सुनावणी लागते, आणि सुरुवातीचा सगळा खटाटोप त्याला परत घरी पाठवता येईल का याचाच असतो. देशभर २०२३ मध्ये अशी साडेतीन लाखांच्या आसपास मुलं होती. त्यातून बाहेर पडणाऱ्यांपैकी निम्म्याच्या जवळपास आईवडिलांकडेच परततात. म्हणून त्यांना स्टेजवर उभं करायचं नाही. आम्हाला तर त्यांचा चेहरा दिसेल असा फोटो फेसबुकवरही टाकता येत नाही.

आता सामानाचं. आमच्याकडे पहिला मुलगा आला तो रात्री अकराच्या पुढे. त्याची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. केसवर्करने ट्रंकमधून त्याचं सामान काढलं: कचऱ्याची एक काळी पिशवी, वरून गाठ मारलेली. ती दारातच राहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते. नवऱ्याने सकाळी सवयीने पिशवी उचलली आणि गराजकडे निघाला. तो मुलगा एक शब्द बोलला नाही. नुसता त्याच्या मागोमाग बिनपर्यंत चालत गेला आणि तिथे उभा राहिला. नवऱ्याने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला कळलं. आत दोन जीन्स, एक ओली चादर आणि चार्जर होता. फोन नव्हता.

काळ्या पिशव्यांचं हे दुखणं इतकं जुनं, की २०२३ मध्ये टेक्सासला कायदा करून बालसंरक्षण खात्याला मुलांसाठी बॅगा ठेवायला सांगावं लागलं. तरीही डफल बॅगा (कापडी प्रवासी बॅगा) कमीच पडतात, कारण बॅग मुलाचीच होते. ती परत घ्यायची नसते, आणि घ्यावीशीही वाटत नाही.

जुने कपडे नकोत, काका. आमच्या इथल्या खोलीत फक्त नवीन, टॅग असलेलं घेतात. आपल्याला बोहारणीची सवय; जुनं दिलं की घर मोकळं आणि वर पातेलंही मिळतं. पण ज्याचं सगळंच मागे राहिलंय, त्याच्या अंगावर पहिल्या दिवशी तरी दुसऱ्याचं नाव लिहिलेला स्वेटर नको.

गावाकडेही जरूर पाठवा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, संस्थाही आहेत, आणि मंडळातून दर वर्षी पैसे जातातच. पण ही मुलं आपल्याच पोरांच्या वर्गात बसतात. तुमच्या नातीच्या शेजारी बसत असेल एखादं. आणि ‘सरकार असताना’ म्हणाल, तर आजीचा विचार करा. कोर्टाला नातेवाईक बरे वाटतात, म्हणून रात्रीत तीन नातवंडं एका आजीच्या दोन खोल्यांत येतात. त्यातलं एक तान्हं असलं तर त्याला स्वतंत्र पाळणा हवा, आणि तो त्याच रात्री हवा. तेव्हा ही खोली कामी येते.

एक मात्र विसरू नका. सगळे तान्ह्या बाळांचं घेतात. झबली, टोपडी, मऊ अस्वलं, फार गोड दिसतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मापाच्या चड्ड्या कोणी आणत नाही.

(आणखी एक, जरा नाजूक. कुरळ्या, दाट केसांच्या मुलींना आपला बारीक दातांचा कंगवा आणि खोबरेल चालत नाही. मी हे रडारडीनंतर शिकले. मोठ्या दातांचा कंगवा, कंडिशनर आणि झोपताना घालायची सॅटिनची टोपी द्या.)


प्रेषक: खजिनदार

ताईंच्या मेलनंतर हिशेबाचं लिहायला लाज वाटते, पण कोणीतरी लिहायला हवं.

१. ऑगस्टमध्ये एकदा, शुक्रवार ते रविवार, टेक्सासमध्ये करमाफी असते. शंभर डॉलरच्या आतले कपडे, बूट आणि शाळेची दप्तरं विक्रीकराशिवाय मिळतात. डफल बॅग मात्र त्यात बसत नाही! दप्तर माफ, डफल करपात्र. मंडळाला विक्रीकरातून सूट आहे, तेव्हा बॅगा मंडळच एकगठ्ठा घेईल, तुम्ही फक्त रोख द्या. स्वतःच्या कार्डावर घेऊन मंडळाचा फॉर्म पुढे करू नका, ते बेकायदा आहे. गेल्या दिवाळीत कोणी केलं होतं ते मला माहीत आहे.

२. अडीचशे डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांना लेखी पावती देऊ. वस्तूंच्या पावतीवर वस्तूचं वर्णन असेल, किंमत नाही. किंमत तुम्हीच ठरवायची, माझ्याशी घासाघीस करू नये.

३. वापरलेली कार सीट कृपया आणू नका. तिला मुदत असते, शिवाय अपघातातून आलेली ओळखू येत नाही. इथे आठ वर्षांखालच्या मुलाला, उंची चार फूट नऊ इंचांपेक्षा जास्त नसेल तर, सीट लागतेच. त्यामुळे सीटशिवाय केसवर्करची गाडी हलत नाही. नवीन द्या. दुधाच्या डब्यावरची तारीखही बघा.


प्रेषक: नाना

ताई, पिशवीचं दोनदा वाचलं. हिला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही.

स्टेजचं मागे घेतो. ‘अनाथ’ही. गराजमधली खोकी राहू देत, बोहारीण सापडली तर बघू. आज दोघं दुकानात गेलो होतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बुटाचं माप काय धरायचं? माझा नातू चौदाचा आणि त्याला अकरा नंबर लागतो, दुकानातली मुलगी म्हणाली नऊ घ्या. शेवटी बूट न घेता मोजे घेऊन आलो. बारा जोड्यांचे पाच गठ्ठे. पाकिटं फोडून मोजू का?

नाना


प्रेषक: मराठी शाळा, शनिवारचा वर्ग

नानाकाका, पाकिटं फोडू नका, तशीच टाका. किंमत खोडा, माप राहू द्या. बुटांचा अंदाज करत बसू नका, त्याऐवजी बुटांच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड द्या. केसवर्कर मुलाला घेऊन जाते आणि तो स्वतः निवडतो. पंधराव्या वर्षी तेवढं तरी त्याच्या मनासारखं होऊ दे.

आणि सचिवदादा, चौथं खोकं लागेल. त्यावर ‘१२ ते १७’ असं ठळक लिहा, मोदकाचं चित्र काढू नका.


प्रेषक: सचिव

चौथं खोकं मिळालं, फ्रिजचं आहे. डाव्या हाताला मावत नाही, तेव्हा चपला यंदा उजवीकडे.