ऑटोपे बंद करायची जबाबदारी कुणाची? ग्राहकाची की पैसे घेणाऱ्याची?

टिळकवाडीकर (धागा सुरू करताना):

माझं म्हणणं सरळ आहे. जी सेवा एका पिनवर चालू होते, ती एका पिनवर बंद झाली पाहिजे. बेळगावात आज जिम, ओटीटी, स्पर्धा परीक्षेचे क्लास, मालिकांची ॲप, सगळं ऑटोपेवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीला खात्यातून आपोआप पैसे कट होण्यावर, आलंय. चालू करायला अर्धा मिनिट पुरतो. बंद करायला गेलं की आधी बटण सापडत नाही. सापडलं की 'का सोडताय?' विचारतात, मग अर्ध्या किमतीची ऑफर दाखवतात, मग 'आमचा प्रतिनिधी फोन करेल'. तो फोन येईपर्यंत पुढच्या महिन्याचे पैसे कट झालेले असतात.

'एक रुपयात सात दिवस' ही जाहिरात घ्या. मंजुरीचा जो पडदा येतो तो नीट बघा. वर ठळक ₹१. त्याखाली बारीक अक्षरात चार गोष्टी: कमाल रक्कम, किती दिवसांनी, कधीपासून, कधीपर्यंत. कमाल रकमेत ४९९ किंवा ९९९, 'किती दिवसांनी'च्या जागी कधी कधी 'मागणी येईल तेव्हा', आणि शेवटची तारीख वीस-पंचवीस वर्षं पुढची. माणूस पिन घालतो तो एक रुपयासाठी, मंजुरी जाते त्या चारही ओळींना. रिझर्व्ह बँकेच्या नियमात बदलत्या रकमेच्या मँडेटला (पैसे कापायच्या परवानगीला) कमाल मर्यादा ग्राहकानं ठरवायची सोय असली पाहिजे असं आहे. प्रत्यक्षात आकडा आधीच भरून येतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे. तिचा दोष ग्राहकाच्या माथी मारू नये.

निपाणीकर:

टिळकवाडीकर, पडद्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण 'बंदच करता येत नाही' हे पटत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड आणि यूपीआयच्या ऑटो-कटिंगला नियम लागू आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज, त्यात कोण कापणार, किती आणि कधी. तो हप्ता किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोय. ₹१५,००० च्या वर रक्कम गेली तर प्रत्येक वेळी ओटीपी किंवा पिन (विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना २०२३ च्या डिसेंबरपासून ही मर्यादा १ लाख). या सोयीसाठी कार्डधारकाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. एवढं हातात असताना मेसेज न वाचता पुसून टाकला तर त्याला कंपनी काय करणार?

यूपीआयचं बटण कंपनीच्या ॲपमध्ये शोधायचंच नाही. ज्या यूपीआय ॲपवरून मंजुरी दिली ते उघडा, प्रोफाइलमध्ये जा, 'ऑटोपे' उघडा, चालू असलेली यादी येते. नाव निवडा, 'रिव्होक' किंवा 'कॅन्सल' दाबा, पिन घाला. झालं. कंपनीला विचारायचीसुद्धा गरज नाही.

आणि छोट्या धंद्याची बाजूही बघा. तालुक्याच्या गावात ₹४९९ चं इंटरनेट कनेक्शन देणारा केबलवाला दरमहा वसुलीला माणूस पाठवतो, तो दोनदा जातो, घराला कुलूप असतं. तो खर्च शेवटी प्लॅनच्या किमतीतच चढतो. ऑटोपेमुळं तो वाचतो, म्हणून दर खाली राहतो.

खानापूर रोड:

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली, आणि बहुतेक भानगडी तिथंच होतात. मँडेट आणि मेंबरशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मँडेट म्हणजे बँकेला दिलेली परवानगी. मेंबरशिप म्हणजे कंपनीशी झालेला करार. एक बंद केल्यानं दुसरं बंद होत नाही. नुसतं मँडेट काढलं तर कंपनीच्या वहीत तुमचं नाव थकबाकीदार म्हणून राहू शकतं. नुसती मेंबरशिप काढली आणि मँडेट जिवंत ठेवलं, तर उद्या त्याच परवानगीवर पुन्हा मागणी येऊ शकते. आधी मेंबरशिप रद्द करा, 'रद्द झालं' हा मेल किंवा पडद्याचा फोटो ठेवा, मग मँडेट काढा. मुदत दोन दिवसांवर आली असेल तर मात्र उलट करा. आधी मँडेट, कारण पैसे तिथून जातात.

कुठून कट होतंय हे आधी ओळखायला लागतं, कारण प्रत्येकाचं दार वेगळं.

प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर फोनमधून ॲप उडवून काहीच होत नाही. प्ले स्टोअर उघडून प्रोफाइलचा फोटो, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', 'सबस्क्रिप्शन्स', आणि तिथं कॅन्सल. ज्या जीमेल खात्यावरून घेतलं तेच खातं उघडलेलं पाहिजे. घरात दोन-तीन जीमेल असली की दुसऱ्याच खात्याची रिकामी यादी बघून लोक 'काहीच चालू नाही' असं समजतात. आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर दाबून 'सबस्क्रिप्शन्स'. तिथली ट्रायल संपायच्या किमान २४ तास आधी काढावी लागते, शेवटच्या दिवशी दुपारी काढून उपयोग नाही.

कार्डावरचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ई-मँडेट किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' या नावाखाली यादी असते. २४ तास आधीच्या मेसेजमधूनही काढता येतं, पण ज्या मेसेजमध्ये लिंक दाबायला सांगतात त्यात खोटेही फिरतात, म्हणून बँकेचं ॲप स्वतः उघडून बघणं बरं.

पासबुकात 'एनएसीएच' किंवा 'एसीएच' (बँक खात्यातून थेट हप्ता कापायची पद्धत) अशी नोंद असेल तर ते यूपीआयच्या यादीत कधीच दिसणार नाही. तिथं बँकेला यूएमआरएन, म्हणजे त्या मँडेटचा स्वतःचा नंबर द्यावा लागतो, २० अक्षर-आकड्यांचा. नेट बँकिंगच्या मँडेट यादीत सापडतो, नाहीतर शाखेत लेखी अर्ज करून पोच घ्या. आणि 'खातं रिकामं ठेवतो, आपोआप बंद पडेल' हा उपाय इथं अंगाशी येतो. परत गेलेल्या प्रत्येक हप्त्याला बँक दंड लावते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली शिल्लक नसल्यानं हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो.

मोबाइलच्या बॅलन्समधून कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट असलं काही कट होत असेल तर १५५२२३ ला 'स्टॉप' असा मेसेज किंवा फोन.

शहापूर पेठ:

आपोआप चालू राहणं म्हणजे लूट, असा सूर लागतोय तो मला मान्य नाही. पंतप्रधान जीवन ज्योतीचे ₹४३६ आणि सुरक्षा विम्याचे ₹२० दरवर्षी मे अखेर आपोआप कट होतात, म्हणून १ जूनपासून प्रत्येकी २ लाखांचं कवच पुढं चालू राहतं. दरवर्षी शाखेत जाऊन फॉर्म भरायला लावला तर गावातले किती जण जातील? त्यात जीवन ज्योती तुटली आणि नंतर पुन्हा घेतली, तर पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या कारणानं मृत्यू झाल्यास पैसे मिळत नाहीत. म्हणजे एक वर्षाचा विसर थेट घरच्यांच्या पदरी पडतो.

आपल्या भागात ऊसबिल ज्या खात्यावर येतं तेच बहुतेकांचं खातं. मेच्या शेवटी पेरणीच्या तोंडावर बी-खतासाठी ते रिकामं झालेलं असतं. तेवढे ₹४५६ मागं ठेवा, एवढंच सांगणं. असल्या ठिकाणी बंद करणं फार सोपं केलं तर लोक न समजता बंद करतील आणि नुकसान त्यांचंच होईल.

मच्छेकर:

विम्याचं पटलं, पण त्याचीच दुसरी बाजू सांगतो. दोन बँकांत खातं असलं आणि दोन्हीकडं फॉर्मवर सही झाली असली, की जीवन ज्योती दोन्हीकडून कट होते. क्लेम मात्र २ लाखांचाच, एकदाच. दुसरा हप्ता गेला तो गेला. तो थांबवायला २५ मेच्या आधी शाखेत अर्ज दिलेला बरा, कारण कटिंग २५ ते ३१ मेच्या दरम्यान होतं. म्हणजे चांगल्या योजनेतसुद्धा बंद करायचं दार उघडं लागतंच. सोपं केलं तर लोक चुकून बंद करतील, या भीतीनं दार लपवून ठेवायचं का?

निपाणीकर, केबलवाल्याचं उदाहरण घेतलंत, ते ठीक. केबलवाला गावातलाच, त्याला दारात सांगितलं की बंद होतं. त्रास देतात ते ज्यांचा पत्ता मिळत नाही ते. त्यात सगळ्यात वाईट प्रकार क्लासचा. 'महिन्याला फक्त दोन हजार, विनाव्याज हप्ते' सांगतात, फोनवर दोन ओटीपी घेतात. प्रत्यक्षात ते फीचे हप्ते नसतात, एखाद्या फायनान्स कंपनीचं पालकाच्या नावावरचं कर्ज असतं. क्लासला वर्षाची फी आधीच मिळालेली असते. मुलगा पंधरा दिवसांत क्लास सोडतो, क्लासवाला 'आमच्याकडून बंद केलं' करून सांगतो, आणि फायनान्स कंपनीचा एनएसीएच चालूच. थांबवला तर सिबिल खराब. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: पैसे क्लासच्या नावावर कट होणार की दुसऱ्या कुणाच्या? दुसरं नाव आलं की ते कर्ज समजा. डिजिटल कर्जाला दंडाविना परत फिरायची मुदत द्यावीच लागते, किमान एक दिवसाची. ती 'की फॅक्ट स्टेटमेंट'वर, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदावर, लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. ती गेली की फी परत मिळवायला क्लासशी आणि हप्ता थांबवायला फायनान्सवाल्याशी, दोन ठिकाणी भांडायला लागतं.

निपाणीकर:

क्लासच्या कर्जाचं समर्थन मी करणार नाही, ती सरळ फसवणूक आहे. पण वर्षाच्या करारावर ठाम आहे. महिन्याचा दर १,५०० आणि वर्षाचं बांधून घेतलं तर महिना १,०००, असं जिमवाला लिहून देतो. तिसऱ्या महिन्यात ऑटोपे काढून टाकलं तर सवलतीचे दीड हजार तरी परत मागायचा त्याला हक्क आहे की नाही? सेवा वापरायची स्वस्त दरात आणि बाहेर पडायचं फुकटात, हे न्यायाचं नाही.

टिळकवाडीकर:

मागू दे की. पण तो दीड हजाराचा आकडा पिन घालायच्या आधी पडद्यावर दिसू दे. कराराच्या नवव्या पानावर नको.

कायद्याचं बोलायचं तर ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनांवर, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत, त्यातला एक 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'. बंद करणं अशक्य किंवा लांबलचक करणं, बंद करायचं बटण लपवणं, बंद करायच्या सूचना गोंधळाच्या ठेवणं, आणि फुकट सेवेसाठी ऑटो-डेबिटची परवानगी सक्तीनं घेणं, हे चारही त्यात येतं. आता लक्षात आलं एक रुपया का घेतात? फुकट म्हटलं की या चौथ्या गोष्टीत सापडतात. एक रुपया घेतला की 'हे फुकट नाही' म्हणायला जागा उरते. ती फट बुजवायला पाहिजे. नाममात्र रकमेची ट्रायल फुकट ट्रायलच धरावी, आणि ट्रायल संपल्यावर पूर्ण रकमेसाठी वेगळा पिन घ्यावा. निपाणीकर, ज्याची सेवा चांगली आहे त्याला दुसऱ्या पिनची भीती कशाला?

निपाणीकर:

भीती एवढीच की दुसऱ्या पिनच्या वेळी नेट नसतं, मेसेज बघितलेला नसतो, आणि ज्याला सेवा हवी आहे त्याचीही बंद पडते. मग तोच शिव्या घालतो. पण ट्रायलपुरतं म्हणत असाल तर मान्य. दर महिन्याला नको.

उचगावकर:

भाषेचं कोण बोलेना म्हणून लिहितो. २४ तास आधीचा मेसेज येतो इंग्लिशमध्ये. कर्नाटकाच्या सिमवरून कस्टमर केअरला फोन लावला की पहिल्यांदा कन्नड लागतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या म्हाताऱ्या माणसाला मराठी वाचता येतं, ह्या दोन्हीतलं काही येत नाही. निपाणीकर, तुम्ही म्हणता मेसेज वाचला नाही. वाचणार कसा, ते सांगा बघू. यूपीआय ॲपच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करून दिली तर निदान ऑटोपेची यादी तरी कळते. घरातल्या पोरांनी हे पाच मिनिटांचं काम करून द्यावं, आणि महिन्यातून एकदा ती यादी उघडून वाचून दाखवावी.

तक्रारीला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. फोन लावायच्या आधी तीन गोष्टी हातात ठेवायच्या: कट झाल्याचा मेसेज त्यातल्या नंबरासकट, बंद करायला सांगितल्याचा पुरावा तारखेसह, आणि मंजुरीचा पडदा यूपीआय ॲपमधून काढलेला. बँकेनं ऐकलं नाही आणि ३० दिवस गेले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. कंपनी मुंबईची असो नाहीतर गुरगावची, ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस घालता येते, म्हणजे आपल्याला बेळगावातच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत घालायची. कागद मराठीत असले तर कन्नड किंवा इंग्लिश भाषांतर जोडायला लागतं, तेवढी तयारी ठेवायची.

निपाणीकर:

भाषेच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही. मेसेज ग्राहकाला समजेल अशा भाषेत गेलाच पाहिजे, ही जबाबदारी पाठवणाऱ्याची. तिथं मी माझं म्हणणं मागं घेतो. वर्षाच्या कराराबद्दल मात्र नाही.

खानापूर रोड:

जाता जाता एक. ऑटोपेच्या यादीत 'रिव्होक'च्या शेजारी 'पॉज' पण असतं आणि पुष्कळ जण तेच दाबून निश्चिंत होतात. पॉजला शेवटची तारीख असते. ती उलटली की मँडेट परत जिवंत होतं आणि पैसे कट व्हायला लागतात. यादीत नावापुढं 'पॉज्ड' दिसत असेल तर ते बंद झालेलं नाही. 'रिव्होक्ड' किंवा 'कॅन्सल्ड' दिसेपर्यंत काम अर्धंच आहे.