सायलेंट हिल 2 : जेम्सले चकवा लागला काय?

पांदणवाला (आर्वी)

आधीच सांगतो, खाली शेवट फोडलाय. खेळायचा असेल तर इथूनच परत फिरा.

दिवाळीत नागपूरला मावसभावाकडे चार दिवस मुक्काम पडला आणि त्याच्या प्लेस्टेशनवर नवा सायलेंट हिल 2 हा भीतीचा व्हिडिओ गेम संपवला. मूळचा जपानच्या कोनामी कंपनीचा, 2001 सालचा. हा पोलंडच्या ब्लूबर टीमनं ऑक्टोबर 2024 मध्ये नव्यानं उभा केलेला. जेम्स नावाच्या माणसाला बायकोचं पत्र येतं, ये म्हणून. आणि बायको, मेरी, आजारपणात तीन वर्षांपूर्वी गेलेली! तो सायलेंट हिल नावाच्या धुक्यातल्या गावात तिला शोधत हिंडतो. शेवटी हॉटेलातल्या व्हिडिओ कॅसेटवर दिसतं की तिच्या तोंडावर उशी दाबणारा हाच.

आता मुद्दा. नव्या गेममध्ये जागोजागी 26 फोटो सापडतात, प्रत्येकावर हातानं लिहिलेली एक ओळ. फोटोतली वस्तू मोजायची आणि जितका आकडा येईल तितक्या नंबरचं अक्षर त्या ओळीतून उचलायचं. सगळी अक्षरं जुळवली की वाक्य होतं : तू इथं दोन दशकांपासून आहेस. जुन्या गेममध्येही काही प्रेतं बांध्यानं, कपड्यांनी जेम्ससारखीच दिसतात. अन् शेवटही एक नाही, अनेक.

माझे आबाजी एकदा रात्री ओलिताला गेले होते. पाणी फिरवून घरी निघाले ते पहाटेपर्यंत एकाच धुऱ्यावर. तीच बाभूळ तीनदा लागली म्हणायचे. शेवटी तिच्याच बुडाशी बसून राहिले, उजाडल्यावर पाहतात तर घराची पांदण शंभर पावलांवर. मी म्हणतो जेम्सचं तेच झालंय. सगळे शेवट खरे आहेत, एकामागून एक. प्रेतंही त्याचीच, मागच्या फेऱ्यांमधली. पटतं का?

बिनभुताचा (दारव्हा)

नाही पटत. 2001 अधिक दोन दशकं किती होतात, बोटावर मोजा. ते वाक्य जेम्सला नाही, आपल्याला आहे. इतकी वर्षं तुम्ही लोक या गावातून बाहेरच निघाला नाहीत, म्हणून बनवणाऱ्यांनी केलेला तो रामराम आहे.

धुक्याचंच घ्या. सगळे त्याला जेम्सच्या मनातलं धुकं म्हणतात. पहिला सायलेंट हिल 1999 मध्ये जुन्या प्लेस्टेशनवर आला, आणि त्या मशीनला लांबचे रस्ते, घरं एकदम काढणं झेपत नव्हतं. न काढलेलं झाकायला धुकं आणि अंधार घातला. अर्थ मागाहून चिकटला. प्रेतांचंही माझ्या मते तसंच, हाताशी तयार पुतळा होता तोच आडवा केला. आमच्या गावच्या नाटकात एकच कोट राजा घालतो आणि तोच पुढच्या अंकात पोलीस पाटील घालतो. म्हणून काय राजाचा पुनर्जन्म झाला?

आणि आबाजींचा मान राखून सांगतो, चकव्याचंही कोडं फार उरलेलं नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर जमलं. ढग आले की काहीजण गोल फिरून आपल्याच वाटेवर आले, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

ठेचा-भाकर

राजेहो, त्या जुन्या गेमात एक शेवट असा हाय का चावीनं एक खोली उघडते, अन् अंदर मशीनपाशी एक कुत्रं बसलं राहते. सारा कारभार त्यानंच केला म्हणे! जेम्स गुडघे टेकून रडते अन् कुत्रं त्याचं तोंड चाटते. पांदणवाले भाऊ म्हणते सारेच शेवट खरे. मंग हे कोणत्या फेऱ्यातलं होय? का आबाजीले बी कुत्र्यानंच फिरवलं?

पांदणवाला

ठेचा भाऊ, कुत्र्यापुढे मी हात टेकले.

बिनभुताचा सर, धुकं मशीनमुळं आलं हे मान्य. पण आणखी दोन गोष्टी पाहा. जुन्या गेममध्ये मेरीचं पत्र सामानात असतं. खेळ पुढे जातो तसा त्यावरचा मजकूर जातो, कोरा कागद उरतो, मग तोही नाही. गेम याबद्दल एक शब्द बोलत नाही. मुद्दाम उघडून पाहिलं तरच कळतं. दुसरं, शेवट कोणता मिळणार हे तुमच्या वागण्यावर ठरतं. गावात भेटणाऱ्या अँजेला नावाच्या मुलीचा चाकू काढून काढून पाहत राहिलात, जखमी होऊन तसेच हिंडत राहिलात, तर जेम्स तळ्यात जीव देतो त्या शेवटाकडे झुकतं. मेरीचा फोटो, पत्र पुन्हापुन्हा पाहिलंत तर वेगळं. न सांगता कुणीतरी सगळं टिपून ठेवतंय. एवढा बारकावा ठेवणारे लोक प्रेताच्या अंगावर चुकून जेम्सचे कपडे घालतील?

आणि पी. टी. विसरलात का? 2014 च्या ऑगस्टमध्ये फुकट आलेला, सायलेंट हिलच्याच पुढच्या भागाची झलक असलेला तो छोटा गेम. एकच पॅसेज, दार उघडलं की पुन्हा तोच पॅसेज. हा तर शुद्ध चकवा. खेळणारे म्हणायचे, त्यातली भुताची बाई, लिसा, सारखी पाठीमागं असल्यासारखी वाटते. मनाचे खेळ म्हणून लोक हसले. 2019 मध्ये एकानं गेममध्ये फेरफार करून त्यातला कॅमेरा खेळणाऱ्याच्या नजरेबाहेर काढून पाहिलं, तर टॉर्च हातात आल्यापासून ती खरंच पाठीला चिकटलेली! सगळ्याच शंका फालतू नसतात, सर.

बिनभुताचा

लिसा सापडली, कारण कुणीतरी उघडून पाहिलं. तुमच्या फेऱ्या कुठं उघडून दाखवता येतात? हाच तर फरक आहे.

जरा वेगळं बोलतो. मी शाळेत शिकवतो. गेममध्ये अर्थ शोधा, बिनधास्त शोधा. पण प्रत्येक गोष्टीमागं काहीतरी आहेच, ही सवय आपल्याकडे स्वस्त नाही पडत. बैल मेला, पोर तापलं, की मागं कोण आहे ते शोधायला निघतात आणि शोध एखाद्या एकट्या बाईच्या दाराशी जाऊन थांबतो. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही करावा लागला.

ठेचा-भाकर

सर, पोट्टे मोबाईलवर गेम खेळून राहिले, अन् तुमी थेट कायद्यावर गेले. जरा दम खा.

धानाची लोंबी (साकोली)

मी गेम खेळलेली नाही, मुलगा खेळत होता तेव्हा शेजारी बसून पाहिलाय. तरी बोलते.

माझ्या सासूबाई अडीच वर्षं अंथरुणावर होत्या. शेवटाआधी एक लांबच लांब पॅसेज येतो, तिथं मेरीचा फक्त आवाज ऐकू येतो. त्यानं फुलं आणली म्हणून ती त्याच्यावर ओरडते, मला नकोत म्हणते, जा म्हणते. आणि लगेच रडत थांब म्हणते. मुलगा म्हणाला, आई, ही अशी काय? मी उठून चहा ठेवायला गेले. असंच असतं ते. दिवसातून चारदा जा, आणि चारदा थांब. करणाऱ्याच्या मनात काय काय येतं ते कुणी बोलत नाही.

तुम्ही दोघं फोटो मोजताय, प्रेतं मोजताय. पांदणवाले दादा, तुमच्या थिअरीत जेम्स फिरत राहिला की सगळं त्या गावावर, त्या शक्तीवर जातं. मग उशी कुणी दाबली हे बाजूलाच राहिलं. मला ती थिअरी म्हणजे त्याला दिलेली सूट वाटते. आणि सर, तुम्ही म्हणता धुक्याला अर्थ नाही. असेना का नसला. मला तर त्यात आमची ती मधली खोली दिसली.

पांदणवाला

ताई, सूट नाही हो. उलट मला वाटतं एकदा मरून सुटला असता तर ती सूट. दरवेळी पत्र येणार, दरवेळी तो विसरून जाणार आणि दरवेळी त्या कॅसेटपाशी येऊन पोचणार, याहून वाईट काय?

पण फेऱ्यांच्या नादात तो पॅसेज मी पळतच पार केला होता, हे कबूल करतो. आवाज नीट ऐकलाच नाही.

धानाची लोंबी

मग एकदा चालत जा.

बिनभुताचा

ताईंपुढं माझं काही म्हणणं नाही. दादांपुढं आहे. दरवेळी विसरतो, याचा गेममधला एक पुरावा द्या. फोटो सोडून.

पांदणवाला

देतो, उद्या. या आठवड्यात शेतातली लाईन रात्री बारानंतर आहे, तुरीला पाणी द्यायचंय. निघतो.

ठेचा-भाकर

चांदणं नाई आज. टॉर्च घेऊन जाय बावा.

बिनभुताचा

टॉर्च घेतल्यावरच ती मागं लागते, आत्ताच वाचलं ना वर?

पांदणवाला

सर, तुम्ही झोपा.