शब्दचर्चा : 'डूलॅली' म्हणजे आपली देवळाली का?

नाशिकरोडची : माझी लेक लीड्सला असते. तिथली शेजारीण, पंच्याहत्तरीची बाई, किल्ल्या हरवल्या किंवा गॅस चालू राहिला की स्वतःला 'डूलॅली' म्हणते. लेकीने शब्द शोधला तर देवळालीचं नाव निघालं. हे खरं आहे का? आणि मराठीत याला काय म्हणावं?

कॅम्पातला : ताई, खरं आहे. माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिंदुस्थानात तैनात असलेल्या गोऱ्या फौजेचा मोठा मुक्कामतळ १८६१ मध्ये देवळालीला सुरू झाला. मुंबईत उतरलेले नवे शिपाई इथे थांबून मग आपापल्या पलटणीत जायचे. मुदत भरलेले शिपाई परतीच्या जहाजासाठी इथेच येऊन राहायचे. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी धावू लागली आणि बंदर ते छावणी ही वाट सोपी झाली.

गोम जहाजांच्या हंगामात होती. फौजेची ने-आण करणारी जहाजं पावसाळा सरल्यावर सुरू होत आणि मार्चच्या सुमारास थांबत. शेवटचं जहाज चुकलं की सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा देवळालीत. नोकरी संपलेली, हाताला काम नाही, घर हजारो मैल लांब. वर्षानुवर्षं शिस्तीत वागलेली माणसं इथे दारूला लागत, भांडणं उकरून काढत, काहींचं मन पार ढासळे. मग सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय. त्यांच्या हालांचा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. साम्राज्य कुणाचंही असो, वाट बघत झिजणारा शिपाई गरीब घरचाच असायचा.

उच्चाराचं म्हणाल तर 'राव', 'देव' या शब्दांतला 'व' इंग्रजी लिखाणात 'ओ' होतो, आणि 'ळ' त्यांच्या जिभेवर नाहीच. म्हणून देवळालीची देओलाली, आणि बोलताना डूलॅली.

सांगलीकर : म्हणजे 'टॅप' हा आपला 'ताप'! 'डोक्याला ताप' म्हणतो तोच. मराठी शब्द थेट इंग्रजीत गेला की!

कॅम्पातला : मलाही तसं वाटायला आवडलं असतं, पण थेट मराठीतून गेला असं म्हणता येणार नाही. गोरे शिपाई पलटणीत मोडकीतोडकी हिंदुस्तानी शिकत. 'देखो'वरून 'डेको', 'खुशी'वरून 'कुशी' हे शब्द त्यांनी तिथूनच उचलले. 'टॅप' हा फारसी-उर्दूतला 'तप', म्हणजे ज्वर. संस्कृत 'ताप' त्याचा भाऊबंद, एवढंच. अर्थ झाला 'देवळालीचा ताप'. पुढे वापरात 'टॅप' गळून गेला. रोगाचं नाव गेलं आणि गावाचं तेवढं राहिलं.

ठाणेकर : आपल्याकडे 'येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला भरती करा' म्हणतात, तसंच हे.

कॅम्पातला : पूर्ण तसं नाही. ती गावं तिथल्या मनोरुग्णालयांमुळे बोलण्यात आली, आणि ते बोलणं मला क्रूर वाटतं. देवळालीचं नाव लागलं ते ताटकळण्यामुळे.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. 'वेडी' नको. आजच्या इंग्रजीत हा शब्द बराच सौम्य झालाय. 'भ्रमिष्ट' जड पडतो. त्या आजी स्वतःबद्दल म्हणतात तेव्हा 'मी अगदी बावचळलेय' हेच चपखल बसतं. जुन्या शिपायांसाठी मात्र 'चळ लागला' किंवा 'सैरभैर झाला'.

जाता जाता एक जोडशब्द. 'ब्लायटी', म्हणजे त्यांचा मायदेश. आपलं 'विलायती', त्याचं 'बिलायती', त्याचं 'ब्लायटी'. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत 'ब्लायटी' म्हणजे मायदेशी पाठवावं लागेल इतपत जखम. विलायती चिंच आणि ही जखम एकाच शब्दाच्या पोटातल्या. देवळालीत अडकलेला जिच्यासाठी झुरत होता, तीही हीच ब्लायटी.

नाशिकरोडची : खूप आभार. लेकीने शेजारणीला सगळं सांगितलं. हा शब्द तिच्या घरात आजोबांकडून आला, ते हिंदुस्थानात शिपाई होते. पण हे एका गावाचं नाव आहे हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी देवळाली स्टेशनवर जाऊन पाटीचा फोटो काढणार आहे, तिला पाठवायला.